कुसुमताईंचं पाणी

कुसुमताईंना जाऊन आता वर्ष होत आलं. पंचवटीत त्यांच्या घरावरून जायची वेळ आली की माझी मान अजून आपोआप वर जाते, गॅलरीत त्यांची सोवळ्याची धाबळी वाळत पडलीय का ते बघायला. ती आता नसते. तिच्या जागी त्यांच्या सुनेनं मनीप्लांट टांगलाय. छान वाढलाय, तिचं काही चुकलेलं नाही, पण मला तो बघवत नाही.

खरं तर आमचं जमायचं काही कारण नव्हतं. मी पर्यावरणशास्त्राची प्राध्यापक. देवधर्माच्या नावानं आमच्याकडे शंख, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या विभागाला माहीत. कुसुमताई रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या उपाध्यांच्या घरातल्या. पहाटे उठायचं, ओलेत्यानं पाणी भरायचं, धाबळी नेसून स्वयंपाक करायचा, आणि यजमान जेवून उठेपर्यंत कुणाला शिवायचं नाही. यजमान म्हणजे बाहेरगावाहून आलेले यात्रेकरू. कुणी विदर्भातून आलेले, कुणी पार राजस्थानातून. त्यांना वाढता वाढता त्या त्यांच्या गावांची सगळी माहिती काढून घेत. कुठली नदी, कुठलं तळं, विहिरीला पाणी किती. बाईंना पाण्याचं वेड होतं.

आपल्या नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. तर त्या गंगेचं पाणी कुसुमताई तांब्याच्या चिमुकल्या गडूत भरून ठेवत. तांबटाकडून गडूचं तोंड वितळलेल्या कथलानं डाक लावून बंद करून आणत, आणि पुढच्या यात्रेला निघालेल्या यजमानाच्या हाती देत. काशीला चाललात, तिथे घाला. रामेश्वरला चाललात, तिथे घाला. द्वारकेला, गंगासागरला, पार मानसरोवराला त्यांचं पाणी जाऊन आलं होतं. त्या स्वतः त्र्यंबकच्या पलीकडे फारशा गेल्या नव्हत्या. घर अडायचं. पण कुणी नकाशा काढला की त्या बोट ठेवून सांगत, इथे मी आहे, इथेही आहे.

त्यांचा मुलगा उपेंद्र माझ्याकडे एम.एस्सी.ला होता. हुशार, गोरागोमटा, जरा आईवेडा. ज्या वर्षी माझं चार विद्यार्थ्यांना घेऊन उत्तर ध्रुवाकडे जायचं ठरलं, त्या वर्षी कुसुमताई पहिल्यांदा विभागात आल्या. नॉर्वेच्याही बऱ्याच वर, समुद्रातल्या एका बर्फाळ बेटावर उन्हाळ्यात आमचा मुक्काम असणार होता. मला वाटलं, थंडीचं विचारतील, नाहीतर अस्वलांचं. आधी येऊन गेलेल्या सगळ्या पालकांनी तेच विचारलं होतं. कुसुमताई खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या आणि त्यांनी विचारलं, तिथे पाणी कुठलं पितात? हिमनदी वितळून येतं ते, असं मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला हसू आलं. मग त्या म्हणाल्या, म्हणजे त्याच्या वर मग काही पाणी नाही? मी म्हटलं, नाही, वर नुसता बर्फ. त्या उठल्या, नमस्कार केला आणि गेल्या. माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. पेटायला हवं होतं असंही नाही, कारण असलं काही कुणाच्याच डोक्यात येत नाही.

चौघांतली दुसरी पल्लवी. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. आईवडील भात-नागली करायचे आणि खळं उरकलं की द्राक्षबागांच्या कामाला इकडे दिंडोरी, पिंपळगावकडे उतरायचे. अशा घरातून पोरगी एम.एस्सी.पर्यंत आली होती ती केवळ स्वतःच्या हट्टावर. मोजकं बोलायची, पण प्रश्न विचारला की समोरच्याला घाम फोडायची. उरलेले दोघं चांगले होते, आता चांगल्या नोकरीत आहेत, त्यांचं या गोष्टीत काही काम नाही.

ते दिवस आठवले की अजून छातीत गोड कळ येते. सूर्य मावळायचाच नाही. आम्ही पडदे ओढून झोपायचो आणि घड्याळावर विश्वास ठेवायचो. बाहेर पडायचं तर सोबत बंदूकवाला वाटाड्या हवा, अस्वलासाठी. अस्वल शेवटपर्यंत दिसलं नाही, वाटाड्या मात्र रोज नवी गोष्ट सांगून पोरांना घाबरवायचा. दगडांवर शेवाळाच्या उशा पसरलेल्या. हंसांसारखे मोठे पक्षी पिलांची रांग घेऊन आमच्यासमोरून असे जायचे की जणू आम्हीच त्यांच्या अंगणात घुसलो होतो. धुकं उतरलं की पल्लवी म्हणायची, मॅडम, आपला पेठच्या रस्त्यावरचा सावळघाट. उपेंद्र आपल्या पाळीच्या दिवशी वरणभात करायचा, त्यावर आईनं दिलेलं मेतकूट. शेजारच्या तुकडीतली जर्मन पोरं त्या वासानं येऊन बसायची. इतकं सगळं चांगलं चाललं होतं.

पल्लवीचं काम एका तळ्यावर होतं. हिमनदी मागे सरकली आणि तिच्या पोटाखालची जमीन नव्यानं उघडी पडली, तिथे पाणी साठून झालेलं ते तळं. जुन्या नकाशात नव्हतंच. पल्लवीचा प्रश्न साधा होता. जिथे कधीच कुणी नव्हतं अशा कोऱ्या पाण्यात सगळ्यांत आधी राहायला कोण येतं? कुठले सूक्ष्मजीव, आणि कुठून? त्यासाठी मोसमाच्या सुरुवातीपासून ती ठरावीक अंतरानं नमुने घेत होती. तळ्याकडे जाण्याआधी आम्ही सगळे बूट जंतुनाशकात बुडवायचो, कपड्यांच्या चिकटपट्ट्या ब्रशानं घासायचो, पॅंटच्या दुमडींतली माती टोकरून काढायचो. तिथलं काही आणायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे काही न्यायचं नाही, हे शिकायला वेळ लागतो. आमची पोरं शिकली होती. उपेंद्र तर सगळ्यांत काटेकोर. सोवळ्याच्या घरातला मुलगा, हातपाय धुण्याचं त्याला वेगळं शिकवावं लागलं नाही.

आणि त्याच उपेंद्रनं एके सकाळी त्या तळ्यात आईचा गडू ओतला.

नंतर त्यानं जे सांगितलं ते असं. आईनं सांगितलं होतं, सगळ्यांत वरच्या पाण्यात घाल, ज्याच्या वर पाणी नाही अशा. त्याच्या हिशेबी ते हेच तळं. त्याच्या वर हिमनदीच होती. तो शेवाळाची मोजणी करायला पलीकडच्या काठावर गेला होता, वाटाड्या बसून कॉफी पीत होता. उपेंद्रनं बूट धुतलेले होते. हातमोजे नवे होते. गडूसुद्धा बाहेरून स्पिरिटनं पुसून घेतला होता. डाक फोडली, आईचं नाव घेतलं, धार सोडली. बुटाची माती ही घाण, कपड्यातलं कुसळ ही घाण, एवढं त्याला पक्कं कळत होतं. गंगेचं पाणी हे बाहेरचं काहीतरी आहे, हा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला तेव्हा हे पटलं नव्हतं. आता पटतं. एवढी मोठी चूक करायला तशाच चांगल्या घरात वाढावं लागतं.

त्याला ते कळलं ते पल्लवीच्याच तोंडून. प्रयोगशाळेत ती शेवटच्या फेरीचं पाणी गाळत होती आणि त्याला आनंदानं सांगत होती, की बघ, या तळ्याला आजवर फक्त वाऱ्यानं आणि पक्ष्यांनी शिवलंय, त्यामुळे जे सापडेल ते त्यांनीच आणलेलं असणार. उपेंद्र तिथून उठून बाहेर गेला. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, ताटाला हात न लावता त्यानं सांगून टाकलं.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्याच्या आईलाही सोडलं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. पल्लवीनं एकच विचारलं, सगळं ओतलंस? तो म्हणाला, सगळं. ती उठली, प्रयोगशाळेत गेली आणि गडू ओतला त्या दिवसानंतर भरलेल्या प्रत्येक बाटलीवर तिनं स्वतःच्या हातानं 'बाद' असं लिहिलं. मी तिला म्हणाले की बघू, एखादा थेंब तो, एवढ्या तळ्यात काय कळणार. ती म्हणाली, "मॅडम, मला कळणार ना." नवं तळं धरावं तर त्याची सुरुवात हातची गेलेली होती, आणि आमचे परतीचे दिवस जवळ आले होते. परतताना विमानात पूर्ण वेळ ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिचं काय पणाला लागलं होतं ते मला माहीत होतं, म्हणून माझा संताप जिरत नव्हता. सुरगाण्याकडचं एक स्थळ तिच्यासाठी थांबून होतं. मुलगा शिक्षक, माणसं बरी. तिच्या वडिलांनी, मंगळूभाऊंनी, तिला सांगितलं होतं की हे तुझं बर्फाचं काम कर, त्यातून पुढची संशोधनाची जागा मिळाली तर आम्ही अडवणार नाही. नाही मिळाली तर मग आमचं ऐक, तुझ्यामागे धाकटी उभी आहे. वाईट माणूस नव्हता तो. आधीच त्यानं पाड्यातल्या लोकांचं पुष्कळ ऐकून घेतलं होतं. आता कामच अर्धं राहिलं म्हटल्यावर जागा कुठून मिळणार? पल्लवीनं वसतिगृहाची खोली सोडली आणि कापणीच्या दिवसांत ती घरी निघून गेली.

त्यानंतर एका दुपारी कुसुमताई माझ्या दारात उभ्या. बरोबर कुणी नाही. रिक्षानं विचारत विचारत आल्या होत्या. उपेंद्रनं घरी सगळं सांगितलं होतं आणि त्या भांडायला आल्या होत्या. आत आल्या, बसल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या मुलाला तुम्ही जे बोललात ते बोललात, पण गंगेनं कुणाचं वाईट होतं हे मी या वयात ऐकून घेणार नाही. मीही काही कमी नव्हते. मी म्हटलं, ताई, तुम्ही धाबळी नेसून स्वयंपाक करत असता आणि कुणी बाहेरून येऊन ओट्याला हात लावला, तर काय करता? त्या म्हणाल्या, सगळं टाकते, पुन्हा आंघोळ करते, पुन्हा करते. मी म्हटलं, का? त्या अन्नात काही पडलेलं दिसतं का? चव बदलते का?

त्या म्हणाल्या, "दिसत नाही. पण शिवलेलं असतं ना."

मी म्हटलं, मग ते तळं पण तसंच होतं. जन्मापासून सोवळ्यात. आम्ही सगळे हातपाय धुऊन त्याच्या काठाला जायचो. आणि तुमचं पाणी न विचारता आत शिरलं.

इतकं लागेलसं बोलायची गरज नव्हती, पण राग होता. कुसुमताई तेव्हा बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. विज्ञान मी वर्षानुवर्षं शिकवलं, पण इतकं समूळ समजून घेतलेलं कुणाच्या चेहऱ्यावर पाहिल्याचं मला आठवत नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या पोरीचं सोवळं माझ्या गंगेनं विटाळलं." मग त्यांनी विचारलं की ती मुलगी कुठे आहे, आणि तिच्या घरी मला कोण घेऊन जाईल.

मी परोपरीनं सांगितलं की जाऊन उपयोग नाही, मी फोन करून बोलले आहे. मंगळूभाऊंनी नीट ऐकून घेतलं होतं, पण माझं त्यांना पटलेलं नव्हतं. कुसुमताई म्हणाल्या, तुमच्या पाण्यानं झालंय का? माझ्या पाण्यानं झालंय, तर मी सांगायला हवं. नवऱ्याला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. पण दोनचार दिवसांनी सकाळी आम्ही दोघी पेठच्या एसटीत बसलो होतो. त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत घरच्या दशम्या आणि घरचं पाणी. बाहेरचं त्या काही घेत नसत. सावळघाट लागला तसं त्यांनी मला विचारलं की तिकडचा बर्फ इथून दिसणाऱ्या डोंगराएवढा होता का. मी म्हटलं, हो, पण आत निळा. त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, निळा म्हणजे कसा? मुलानं सगळं सांगितलं असणारच, पण त्यांना ते परत परत ऐकायचं होतं. त्या वळणावळणांच्या रस्त्यावर माझा त्यांच्यावरचा राग कधी उतरला, मला कळलं नाही.

पेठहून पुढे जीप आणि मग थोडं चालणं. खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. पल्लवी कमरेला पदर खोचून भारे उचलत होती, आम्हाला बघून तिथेच उभी राहिली. मंगळूभाऊंनी पडवीत घोंगडी टाकली. कुसुमताईंनी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. मी उपेंद्रची आई. पाणी मी दिलं होतं. तुमच्या मुलीनं काही चुकवलं नाही, तिचं काम चोख होतं, ते माझ्यामुळे नासलं. तिला आणखी एक वर्ष द्या. एवढं त्यांनी पाठ करून आणल्यासारखं एका दमात सांगितलं.

मंगळूभाऊ शांत माणूस. त्यांनी तंबाखूची चंची काढली, पुन्हा ठेवली. म्हणाले, "मावशी, तुमी लांबून आल्या, लय मोठं मन हाय तुमचं. मॅडमचं बी. पोरीला वाचवायला आल्या, ते मला कळतंय. पन गंगेच्या पान्यानं कुठं काय नासतंय का? आमी मरणाऱ्याच्या तोंडात घालतो ते. पोरीला जमलं नाय, तं जमलं नाय. त्यात लाज काय?"

पल्लवी खांबाला धरून उभी होती. तिच्याकडे मला बघवेना. तिच्या बापानं तिला क्षमाच केली होती, आणि त्या क्षमेनं तिचं सगळं संपत होतं. मी सूक्ष्मजीव, नमुना, दूषित वगैरे बोलू लागले आणि माझे शब्द मलाच पोकळ वाटायला लागले. कुसुमताई तर पार हरल्यासारख्या बसल्या होत्या. त्यांनी स्वतः जन्मभर जे मानलं, तेच तो माणूस त्यांना सांगत होता. त्याला खोटं कसं म्हणायचं?

तेवढ्यात अक्काबाई, पल्लवीची आई, पाणी घेऊन आल्या. चांगला घासलेला पितळी लोटा होता. मला त्यांनी लोट्याशेजारचा पेला दिला. कुसुमताईंपुढे मात्र त्या जरा लांब, वाकून उभ्या राहिल्या आणि लोटा उंच धरून म्हणाल्या, धरा. म्हणजे ओंजळ धरा. कुसुमताईंचं नेसणं, कपाळ, बसणं बघून त्यांनी ओळखलं होतं, या कुठल्या घरातल्या ते. अशा घरांच्या मागच्या दारी त्यांनी कामाच्या दिवसांत पुष्कळदा पाणी मागितलं असेल, आणि अशा वेळी पाणी कसं द्यायचं घ्यायचं असतं, ते त्यांना तिथेच कळलं असेल. भांड्याला ओठ लागू नये, हाताला हात लागू नये, म्हणून वरून ओतायचं. पाहुणीची अडचण होऊ नये म्हणून त्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या विहिरीचं पाणी वरून ओतत होत्या.

पिशवीत घरचं पाणी असूनही नाही म्हणवेना, म्हणून कुसुमताईंनी ओंजळ पुढे केली. धार हातात पडली. आणि त्यांनी एकदम वर बघितलं. मी त्यांच्या शेजारी होते, मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसला. पाणी बोटांतून खाली घोंगडीवर गळत होतं आणि त्या पीत नव्हत्या.

मग त्या म्हणाल्या, "भांडं द्या."

अक्काबाईंना कळेना. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "आमचं रोजच्या वापरातलं हाय वो ते. आमी समदे पितो त्याच्यातून."

"असू दे. द्या इकडे."

कुसुमताईंनी लोटा दोन्ही हातांत घेतला, ओठांना लावला आणि प्यायल्या. सवय नव्हती, त्यामुळे हनुवटीवरून सांडलं, पोलकं भिजलं. त्या थांबल्या नाहीत. लोटा रिकामा करून त्यांनी तो मांडीवर धरला आणि मंगळूभाऊंकडे वळल्या. 

"भाऊ, मला जन्मभर शिकवलं की तुमच्या पाण्यानं आमचं विटाळतं. त्या तळ्यात उलटं झालं. तुमच्या लेकीचं पाणी निर्मळ होतं, ते माझ्यानं विटाळलं. मी हे खोटं सांगायला इतक्या लांब येईन का?"

मंगळूभाऊ कितीतरी वेळ त्या लोट्याकडे बघत राहिले. खळ्यावरची झोडणी थांबली होती, शेजारची माणसं पडवीशी गोळा झाली होती. मंगळूभाऊंना सूक्ष्मजीव कळले नसतील. पण पंचवटीची बाई हे वाक्य सहज म्हणणार नाही, एवढं त्यांना कळलं. त्यांनी पल्लवीकडे बघून म्हटलं, "सुरगान्याच्या पाव्हन्यांना मी सांगतो. पुढलं वरीस बघू म्हनतो. नाय थांबले तं नाय थांबले."

पल्लवी तेव्हा रडली. उभ्याउभ्या, खांबाला डोकं टेकून, लहान मुलीसारखी. उत्तर ध्रुवावरून अडवून आणलेलं सगळं त्या पडवीत वाहून गेलं. मीही रडले, आणि मी रडत नाही.

अक्काबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कुसुमताईंनी नागलीची भाकरी खाल्ली, त्याबरोबर भाजलेल्या उडदाचं कालवण, भुजं, खाल्लं, आणि पिशवीतल्या दशम्या अक्काबाईंच्या पानात वाढल्या. निघताना अक्काबाई पायवाटेपर्यंत सोबत आल्या. टोमणा मारणारी बाई नव्हती ती. जे मनात आलं ते त्यांनी विचारलं.

"बाय, मी कवा नाशकाला आले, तुमच्या घरला आले, तं मला बी भांडं देशाल का?"

कुसुमताईंनी अक्काबाईंचा हात धरला, आणि जरा वेळानं म्हणाल्या, देईन. परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसून निमूट डोळे पुसत होत्या. पेठ सुटल्यावर मला म्हणाल्या, मीनाताई, माझ्या दारात किती बायकांनी ओंजळी धरल्या असतील, त्यातली एक आठवत नाही हो. मी त्यांची समजूत काढली नाही. काढण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात पल्लवी पुन्हा गेली. मला विद्यापीठात बऱ्याच जणांशी भांडावं लागलं, पण भांडणं मला जमतं. तिनं दुसऱ्या हिमनदीखालचं तळं धरलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आता ती बाहेरदेशी असते, स्वतःचे विद्यार्थी घेऊन तिकडे जाते, आणि त्यांचे बूट स्वतः तपासते म्हणे. सुरगाण्याचं स्थळ थांबलं नाही. तिनं नंतर आपल्या मनानं लग्न केलं. उपेंद्र इथेच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. चांगला शिकवतो, पोरं त्याच्यावर जीव टाकतात. बर्फाकडे परत जायचं त्यानं नाव काढलं नाही.

कुसुमताई सुधारक वगैरे झाल्या असं मात्र कुणी समजू नये. धाबळी शेवटपर्यंत होती. कांदा घरात शिजला की त्यांचं डोकं दुखायचं ते दुखायचंच. माझ्याशी त्या देवावरून तावातावानं भांडायच्या आणि मी उठले की हातात डबा द्यायच्या.

पण ती दुसऱ्या उन्हाळ्यातली सकाळ मला विसरता येत नाही. पल्लवीला निरोप द्यायला अक्काबाई नाशकात आल्या होत्या. मुंबईची गाडी यायला अवकाश होता, म्हणून मी त्यांना घेऊन पंचवटीत गेले. यजमान जेवायला यायचे होते, कुसुमताई धाबळी नेसून चुलीपुढे होत्या. अक्काबाई उंबऱ्याबाहेरच थबकल्या आणि सवयीनं त्यांची ओंजळ अर्धी वर आली. कुसुमताई हातातलं उलथनं ठेवून उठल्या. तांब्या आणि फुलपात्र घेऊन बाहेर आल्या, फुलपात्र भरलं आणि अक्काबाईंच्या हातात दिलं. बोटाला बोट लागलं. अक्काबाई ओठ लावून सावकाश प्यायल्या.

मी मुद्दाम बघत होते. माझा स्वभावच संशयी. आता हे फुलपात्र मोरीत बाजूला पडणार, राखेनं घासलं जाणार, नाहीतर कुसुमताई धाबळी बदलायला तरी जाणार, असं मला वाटत होतं. कुसुमताईंनी ते परत घेतलं, तांब्यावर पालथं घातलं, आणि आत जाऊन पोळी उलटली.